कुशीत चिरलेला टायर

आमच्या घरात मोटार आली ती मचवा विकून. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, ते तांडेल, म्हणजे शिडाचं गलबत हाकणारे. स्वतःच्या मचव्यातून कौलं, नारळ, सुकी मासळी मुंबईला न्यायचे आणि येताना मीठ, कापड, रॉकेलचे डबे भरून आणायचे. मग माल आगबोटीनं जायला लागला, पुढे मोटारलॉऱ्या आल्या, आणि मचवा खाडीत नुसता बांधून राहू लागला. माझे यजमान तोवर मुंबईला एका शेठजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. ते घरी आले आणि म्हणाले, रत्नागिरीत भाड्याची मोटार चालेल. वकील आहेत, लग्नाची वऱ्हाडं आहेत, आजारी माणसं आहेत. मामंजींनी दोन दिवस कुणाशी बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी मचव्याचा सौदा करून आले.

मोटार जुनीच होती, वर कापडी टप असलेली. मामंजींनी तिच्यापुढे नारळ फोडला आणि यजमानांना विचारलं, हिला उभी करताना नांगर कुठं टाकायचा? ते थट्टा करत होते, पण आजूबाजूच्या मंडळींना खरंच वाटलं, आणि पुढे कितीतरी दिवस वाडीतली पोरं मोटार थांबली की नांगर टाका म्हणून ओरडायची. मोटारीच्या तोंडाला ते नाळ म्हणायचे, स्टेअरिंगला सुकाणू. रोज सकाळी विहिरीच्या पाण्यानं तिला धुवायचे. खारं पाणी लागायला ती काही समुद्रात जात नव्हती, पण हाताची सवय.

एक गोष्ट मात्र मला दिसायची. मचव्यावर त्यांच्या शब्दाशिवाय दोरी हलत नसे. मोटारीतलं त्यांना कुणी काही विचारीत नसे. संध्याकाळी यजमान परत आले की ते ओटीवरून विचारायचे, आज वारा कसा होता? यजमान हसून म्हणायचे, "आबा, मोटारीला वारा लागत नाही." मामंजी मान हलवायचे आणि पानाचा डबा ओढून घ्यायचे. मी तेव्हा लग्न होऊन तीनचार वर्षांची सून. सून सासऱ्यांशी तोंडानं बोलत नसे. काही सांगायचं असलं तर सासूबाईंच्या मार्फत, नाहीतर दाराआड उभं राहून भिंतीशी बोलल्यासारखं. पण बघायला कुणाची बंदी नव्हती.

आता वन्संचं सांगते. वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण, मामंजींची फार लाडकी. पहिलं बाळंतपण घरीच झालं होतं, सुईण होती, पण मूल आडवं होतं आणि गेलं. वन्सं स्वतः कशीबशी वाचली. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिला घरी ठेवू नका, घाटावर कोल्हापूरच्या इस्पितळात बाईडॉक्टर आहे तिथं न्या, आणि पावसाच्या आधी न्या, मग रस्त्याचा भरवसा नाही. कोल्हापुरात सासूबाईंची मावसबहीण होती, तिच्याकडे राहायचं ठरलं. सर्व्हिसच्या, म्हणजे रोज ठरल्या वेळी भाडं घेऊन जाणाऱ्या मोटारीतून नेता आलं असतं, पण तिथं फळ्यांवर दाटीवाटीनं माणसं, वर पोती, मध्ये कोंबड्या. आठवा महिना लागलेली बाई त्यात कशी बसवणार? घरची मोटार दाराशी होती. आमच्या घराला वाटलं, मचवा विकला तो जणू याच कामासाठी.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच यजमान हातखंब्याकडून परत आले ते चेहरा उतरवून. वाटेत बैलगाडीला जागा द्यायला मोटार कडेला घेतली, तिथं जांभ्याचा तोडलेला चिरा पडला होता, त्याची धार पुढच्या टायराच्या कुशीत घुसली. टायर जमिनीला टेकतो तो भाग नव्हे, त्याची बाजू. वीतभर नसेल, पण चांगली चीर गेली होती. आतली ट्यूब वाचली होती म्हणून हवा तशीच होती. मी हात लावून बघितलं तर रबराचे दोन ओठ झाले होते.

जादा टायर असतो ना, स्टेपनी म्हणतात ती, ती चैत्रातच फुटून गेली होती. नवीन मुंबईहून आगबोटीनं यायची होती. ती काही आली नाही, आणि आता बंदर बंद झालं होतं. आगबोटी नारळी पुनवेनंतर. यजमान दुपारच्या आत गावातल्या सगळ्या मोटारवाल्यांकडे फिरून आले. कुणाकडे त्या मापाचा टायर नव्हता.

ते परत आले तर दारात माणसं जमलेली. मामंजींनी चाक काढून अंगणात आडवं घातलं होतं. शिडाच्या कापडाची तिहेरी घडी करून चिरेवर बसवली होती, दाभणानं रबरात वरच्यावर टाके घातले होते, आणि वरून राळ आणि तेल कढवून त्याचा लेप दिला होता. काम इतकं देखणं की टाका कुठं संपतो ते कळू नये. मचव्यावरचे जुने दोन खलाशी उकिडवे बसून बघत होते. एक म्हणाला, तांडेलांचा हात आहे, आता हे चाक समुद्रात टाका, पाण्याचा थेंब आत शिरायचा नाही. मामंजी हात पुसत उभे राहिले. त्यांच्या तोंडावर मी तसा भाव मचवा गेल्यापासून बघितला नव्हता. यजमानांना म्हणाले, "उद्या घाट चढून ये. काय व्हायचं नाय."

यजमानांनी वाकून बघितलं. म्हणाले, "छान झालंय, आबा."

जेवायला बसले तर आमटीभात कालवून तसाच. मी मागच्या पडवीत हातावर पाणी घालायला गेले तेव्हा विचारलं, काय झालं? ते म्हणाले, चिरेत बोट घालून पाहिलं होतं, आतल्या सुती दोऱ्या तुटल्यात. टायराचा जोर त्या दोऱ्यांत असतो, रबर नुसतं वरचं कातडं. मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. ते टॉवेलला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "काय सांगू? माझ्यापायी मचवा विकला त्या माणसानं. मोटारीचं पहिलं काम आज त्यांच्या हातून झालं. ते उपटून टाकू?"

मी म्हटलं, "आणि वन्सं?"

हळू हाकेन म्हणाले. पण आंबा घाट हळू हाकला म्हणून काय सपाट होतो होय?

दुपारी मी वन्संसाठी उशी भरायला बसले. मोटारीत पाठीला द्यायला सावरीच्या कापसाची मोठी उशी करायची होती. सावरीचा कापूस मोठा खोडकर, दाबाल तितका फुगून येतो. जुनी खोळ होती, ठासून भरल्यावर एका बाजूला विरली. मी वरून कापडाचा तुकडा लावला. उशी पाठीशी धरून टेकून बघितलं तर टाके तटतट सुटले आणि तुकडा वर आला, खाली कापसाचा गोळा. पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. मग वैतागून सगळा कापूस काढला, तुकडा आतल्या बाजूनं लावला आणि परत भरलं. आता कापूसच त्या तुकड्याला खोळीशी दाबून धरू लागला. सुटायचा प्रश्नच नाही.

उशी मांडीवर घेऊन मी तशीच बसले. बायकांना हे रोजचंच, त्यात नवल काही नाही. पण माझ्या डोक्यात चाक फिरू लागलं. मचव्याला भोक पडलं तर पाणी बाहेरून आत शिरायला बघतं, म्हणून ठिगळ बाहेरून. पाणीच त्याला फळीशी दाबून ठेवतं. टायराचं सगळं उलटं. हवा आत, ती बाहेर यायला बघते. मामंजींनी जन्मभर जे केलं तेच केलं होतं, आणि मचव्याला तेच बरोबर होतं.

सासूबाईंकडे गेले. त्या वन्संच्या बाळंतविड्याचं बोचकं बांधत होत्या. मी हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, मोटारीतलं तुला काय कळतं गो, उशा शिव. मग म्हणाल्या, आणि तिच्या कानावर घालू नकोस, आधीच घाबरून आहे. म्हणजे तो रस्ता बंद. वन्संनी सांगितलं असतं तर मामंजींनी ऐकलं असतं, पण तिला सांगायचं कसं?

चहाच्या वेळेला मामंजी ओटीवर एकटे होते. यजमान अंगणात चाक मोटारीला चढवत होते. मी माजघराच्या दाराआड उभी राहिले. पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे बघून बोलले. म्हटलं, "मचव्याला पाणी बाहेरनं दाबतं. चाकाला हवा आतनं दाबते. तर ठिगळ आतनं नको काय?"

मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. मग वाटलं, ऐकलं असेल तर बरं नव्हे. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हवा भर," ते यजमानांना म्हणाले.

यजमान म्हणाले, थोडी कमीच ठेवतो.

"कमी नको. घाटात जेवढी लागते तेवढी भर."

यजमान पंप मारू लागले. मी दाराच्या फटीतून बघत होते. मामंजी चाकाजवळ बसले, ठिगळावर तळहात ठेवला, जसे ते मचव्याच्या फळीला ठेवायचे. हवा भरत गेली तसं ठिगळ वर येऊ लागलं. आधी काही दिसेना, मग गळू पिकावं तसा उंचवटा आला आणि राळेला बारीक भेगा पडल्या. एक टाका सुटला. मामंजींनी हात काढला नाही. यजमान पंप थांबवून उभे. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

"काढ," मामंजी म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या सुरीनं स्वतःचं ठिगळ कापून काढलं. सावकाश, टाका टाका उसवत. टायर उतरवल्यावर आत हात घातला आणि डोळे मिटून त्या तुटलेल्या दोऱ्या चाचपून बघितल्या. दोरखंड असाच बघतात, वरचा पीळ झिजला तर चालतो, आतला तुटला तर नाही, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. यजमान मग म्हणाले, मुंबईला आम्ही जुन्या टायराचा तुकडा आतून बसवायचो. मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं. हे सकाळीच का नाही बोललास, असं विचारतील वाटलं. नाही विचारलं. त्यांना कळलं असणार.

चैत्रात फुटलेल्या टायराचा तुकडा कापला, कडा तासून पातळ केल्या, आतून चिरेवर बसवला, ट्यूब घातली, हवा भरली. पुन्हा तळहात. उंचवटा नाही. चिरेचे ओठ जरा उघडले तेवढेच. यजमान बोनेटला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, जाईल बहुतेक.

"बहुतेक," मामंजी म्हणाले.

मग ते दाराकडे वळले. माझ्याशी ते आजवर थेट कधी बोलले नव्हते, मला मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही. म्हणाले, "काय गो, आता कसा?"

आता बघा, ठिगळाचं मला सुचलं होतं ते उशीवरून. एवढंच मला ठाऊक होतं. पण आता जे विचारलं होतं ते वेगळंच होतं. होय म्हणावं आणि आंबा घाटात एका बाजूला दरी असताना पुढचं चाक फुटावं, तर? नाही म्हणावं, जाणं लांबावं, आणि तेवढ्यात वन्संचं पोट दुखू लागावं, तीच सुईण, तीच खोली, तर? न जाणं म्हणजे सुखरूप असणं, असं काही नव्हतं. दोन्हीकडे तीच पोर होती. मी पदराचं टोक चावत उभी राहिले आणि खरं होतं तेच सांगितलं, "मला नाही कळत."

त्यांनी चाकाला पुन्हा हात लावला.

"मलापण नाय," ते म्हणाले. "मचवा असता तर हात लावून सांगितलं असतं, जा म्हणून, नाय तर नको म्हणून. ह्याचं मला कळत नाय. मग ह्याच्यावर पोरीला नाय बसवायची."

सासूबाई आतून आल्या आणि रागावल्या. उद्याचा दिवस बघून ठरवला आहे, कोल्हापूरला निरोप गेला आहे, चाक तर आता चांगलं दिसतं आहे, असं सगळं बोलल्या. मामंजींनी ऐकून घेतलं. मग यजमानांना सांगितलं, उद्या सकाळच्या सर्व्हिसनं कोल्हापूरला जा, टायर घे आणि परवाच्या सर्व्हिसनं ये. आम्ही थांबतो.

ते थांबणं मी जन्मात विसरणार नाही. सर्व्हिस सकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यायची. तेवढा वेळ आमच्या घरात सगळ्यांचे कान वन्संच्या खोलीकडे. ती कुशीवर वळली तरी सासूबाई उठून बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कमरेत कळ आली. सासूबाईंनी माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं पुरे होतं. मी चुलीशी पाणी तापवत बसले आणि मनात एकच, आज काही झालं तर ते माझ्या तोंडानं झालं. मोटार दारात उभी होती, चारी घट्ट फुगलेल्या चाकांवर. उन्हातसुद्धा तो टायर जसाच्या तसा. एकदा वाटलं, फुटू दे एकदाचा, म्हणजे मी सुटले. पण तो काही फुटला नाही.

मामंजी वन्संच्या खोलीबाहेर बसून होते. ती आतून म्हणाली, "आबा, मोटार बरी आहे ना? मग आपण थांबलो कशाला?" तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मामंजी म्हणाले, "वारा पडलाय." ती कळ विसरून हसली. तासाभरानं कळ आपोआप थांबली. सुईणीला बोलावलं होतं, ती म्हणाली, वाताची कळ असेल.

संध्याकाळी यजमान आले ते नवा टायर खांद्यावर घेऊनच. सर्व्हिसच्या टपावर बसून आले होते, अंगावर जांभ्यासारखी तांबडी धूळ. दुसऱ्या दिवशी उजाडताना ते, वन्सं आणि सासूबाई निघाले. पालीला थांबून वन्संनी चहा घेतला, घाटात एकदा उलटी झाली, बाकी काही नाही. पुढल्या महिन्यात इस्पितळात तिला मुलगी झाली, तीसुद्धा पोट कापून. बाईडॉक्टर म्हणाली, घरी असती तर दोघीही राहिल्या नसत्या. म्हणजे जाणं खरंच तेवढं निकडीचं होतं. आणि आम्ही ते एका चिरेसाठी लांबवलं होतं. हे मी आजही मनात इकडून तिकडून उलटून बघते. कळ खरी निघाली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं, आणि मी स्वतःला काय म्हटलं असतं? निर्णय बरोबर होता की नशीब बरं होतं, हे निवडायला मला आजतागायत जमलेलं नाही. वन्सं मात्र पुढे सगळं कळल्यावर थट्टेनं म्हणायची, वहिनी, तुझ्या उशीनं मला दोन दिवस घरात डांबलं.

आता त्या टायराचं. टाकून कोण देणार? यजमानांनी तो मागच्या चाकाला घातला. पावसाळ्यात मोटार गावातल्या गावात, फार तर पालीपर्यंत जायची. पण निघायच्या आधी मामंजी रोज त्या चाकाशी बसायचे, हात फिरवायचे आणि विचारायचे, "आज कोण बसणार हाय?" वकीलसाहेब म्हटलं की ते थोडा विचार करायचे. कुणी म्हातारं किंवा पोरंबाळं असली की चाक बदलायला लावायचे, तोवर एक बरी स्टेपनी मिळाली होती. नुसती पोती असली की जाऊ द्यायचे. यजमान कधी कंटाळायचे, पण आता ते आबांना सांगितल्याशिवाय मोटार हलवत नसत.

श्रावणात एकदा पालीच्या बाजारात तांदळाची पोती पोचवायची होती. मामंजी चाकाशी बसले, विचारलं, कोण बसणार? यजमान घाईत होते. म्हणाले, "कोणी नाही, आबा. मी एकटाच."

मामंजींचा हात टायरावरच होता. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. आता दाराआड उभं राहायची गरज उरली नव्हती.

"तू कोणी नाय काय?" ते म्हणाले.

छत्री ठेवून यजमानांनी जॅक काढला. भर पावसात दोघांनी मिळून ते चाक उतरवलं, आणि त्यानंतर तो टायर मोटारीला पुन्हा लागला नाही.